थोरल्या भाऊजींचं नाक

काशीत डोळ्यांनी जगणारी माणसं पुष्कळ, जिभेने जगणारी त्याहून जास्त. पण निव्वळ नाकाने जगलेला माणूस मी एकच पाहिला आणि तो माझ्याच सासरी निघाला. आमचे थोरले भाऊजी, हिंदीत ज्यांना जेठ म्हणतात ते. नाक दिसायला काही विशेष नव्हतं. जरा बसकं, शेंड्याला जाड, चष्मा सारखा घसरावा असं. लग्न होऊन मी सांगलीहून इथे आले, मुन्शी घाटाच्या मागच्या गल्लीतल्या घराचा उभा जिना चढून धापा टाकत वर पोचले, तर हे गृहस्थ वरच्या पायरीवर उभे. नव्या नवरीकडे बघावं, बरं-वाईट विचारावं, ते नाही. त्यांनी माझ्या बॅगेकडे तोंड करून दोनदा श्वास ओढला आणि म्हणाले, "हिच्या सामानात पेरू आहेत. एक नासलाय." सासरच्या माणसाने माझ्याबद्दल उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. बॅग उघडली. आईने वाटेत खायला म्हणून दिलेले पेरू तळाशी होते, आणि त्यातला एक खालून खरंच मऊ पडला होता.

पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेल्या मराठी घरांत मराठी बोलतात ती निम्मी हिंदीच्या पाटावर बसूनच. भाऊजींच्या बोलण्यात 'वास येतो' हा शब्दप्रयोग मी कधी ऐकला नाही. त्यांच्याकडे सगळं 'महकायचं'. दूध महकतंय, पंचा महकतोय, खालच्या घरात वांगं करपलेलं महकतंय. पहिले काही महिने मला वाटायचं की या घरात सगळं काही सुगंधीच आहे. एका कॉलेजच्या रसायनशाळेत त्यांची उभी नोकरी झाली. तिथे बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली की हे बूच काढून सरळ हुंगायचे. प्राचार्यांनी दोनदा ताकीद दिली की असं करू नका, एखाद्या दिवशी विष असेल. भाऊजी म्हणाले, "विष असलं तर कळेलच की."

हे नाक त्यांनी घरापुरतं ठेवलं असतं तर ठीक होतं. एकदा आप्तांपैकी एकाकडे मुंज होती. पंगत बसली, पानं वाढून झाली, बासुंदीच्या वाट्या आल्या, आणि यजमान हात जोडून आग्रह करायला लागले तोच भाऊजी पानावरून उठले आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "बासुंदी महकतेय. कोणी घेऊ नका." यजमानांचा चेहरा पांढरा पडला. निम्म्या लोकांनी वाट्या सरकवल्या, निम्म्यांनी भिडेखातर संपवल्या. दुसऱ्या दिवशी भिडेखातर खाणारे सगळे आडवे. आता खरं म्हणजे यजमानांनी आभार मानायला हवे होते. पण माणसाचा खोटेपणा लोक माफ करतात, खरेपणा करत नाहीत. ते घर आमच्याशी पुढे कैक वर्षं बोललं नाही. भाऊजींना त्याचं काहीच नव्हतं. त्यांचं म्हणणं, खवाच बदलायला हवा होता.

या नाकाबरोबर संसार केला तो माझ्या मोठ्या जाऊबाईंनी. त्यांना मी वहिनी म्हणायचे. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, पण बोलल्या की समोरच्याला चार दिवस पुरेल असं बोलायच्या. फोडणी पडल्याबरोबर दिवाणखान्यातून भाऊजींचा आवाज यायचा, "मेथी जास्त पडली." वहिनी झारा न थांबवता मला म्हणायच्या, "देवाने यांना नाक देताना हात सैल सोडला, आणि कान देताना आखडता घेतला. मी काय म्हणते ते ऐकू येत नाही, काय शिजवते ते येतं." पण ताट वाढलं की भाऊजी घास घ्यायच्या आधी क्षणभर वाकायचे, देवाला वाकावं तसे, आणि काही न बोलता जेवायला लागायचे. हे न बोलणं म्हणजे पसंती. वहिनी दारामागून ते बघून घ्यायच्या आणि मगच स्वतःचं पान घ्यायच्या. मी ते अनेकदा पाहिलंय.

आणि मग गाडी. आमच्या गल्लीत सायकल आणि सांड समोरासमोर आले तर सायकलीला मागे जावं लागतं, तिथे चारचाकी कुठली यायला. भाऊजींनी मात्र उमेदीच्या काळात एक जुनीपुराणी पांढरी गाडी घेतली होती, गोल पाठीची, पेट्रोलवर चालणारी, आणि गल्लीच्या तोंडाशी रस्त्यालगत एक खोली भाड्याने घेऊन त्यात ठेवली होती. खोलीच्या शेजारी लल्लनचं कचौडीचं दुकान. मधे भिंत म्हणजे नुसता पत्रा. पत्र्याच्या अलीकडे गाडी, पलीकडे लल्लनची भट्टी. गाडीला भाऊजींनी कधी मिस्तरीचा हात लागू दिला नाही. तिचं दुखणं ते वैद्याने नाडी बघावी तसं नाकाने बघायचे. झाकण उघडायचं, वाकायचं, डोळे मिटायचे. "तेल जळतंय." "रबर तापलंय." "पेट्रोल जास्त येतंय." कार्बोरेटर म्हणून इंजिनाच्या वरच्या बाजूला एक भाग असतो, जिथे पेट्रोल आणि हवा एकमेकांत मिसळतात; त्याच्यावर त्यांची विशेष भक्ती. पेट्रोल कमी झालं तर गाडी गुदमरते, जास्त झालं तर बुडते, असं ते म्हणायचे, आणि दोन्हीतला फरक वासावरून ओळखायचा. सुरू होत नसेल आणि पेट्रोल महकत नसेल, तर चोक ओढा, अजून पेट्रोल द्या. महकत असेल तर हात लावू नका, उलट हवा द्या. हा नियम त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला होता की स्वयंपाकाच्या कृतीसारखा पाठ झाला होता. त्याचा मला कधी उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

हे सगळं मी भूतकाळात सांगतेय. भाऊजी आहेत, देवाच्या दयेने हिंडते-फिरते आहेत. गेलंय ते नाक.

साथीच्या दुसऱ्या लाटेत वहिनी आजारी पडल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी त्यांना श्वास पुरेना. रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता, लागला तर कोणी उचलत नव्हतं. भाऊजी किल्ली घेऊन, नाकातोंडावर फडकं न बांधताच गल्लीच्या टोकाशी धावले. त्यांना स्वतःला तोवर ताप आला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी आला. माझ्या यजमानांनी आणि मी वहिनींना खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं आणि गल्लीतून नेलं. लल्लनचं दुकान बंद, रस्ता बंद, सगळी दारं बंद. आमच्या दोघांच्या तोंडांवर दुहेरी फडकी, त्यात कापूर-ओव्याची पुरचुंडी. तेव्हा लोक तीच हुंगत जगत होते. मला त्या सकाळचा वास विचाराल तर कापूर, बाकी काही नाही.

गाडी सुरू होईना. भाऊजी किल्ली फिरवत होते, इंजिन घरघरत होतं आणि थांबत होतं. "पेट्रोल येत नाहीये," ते म्हणत होते. "महकतच नाहीये. टाकीत आहे, वर येत नाहीये." चोक पूर्ण ओढलेला, पायाने दाबून दाबून पेट्रोल देत होते, पुन्हा किल्ली. वहिनी खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होत्या. एकदा त्यांनी हात हलवला, राहू द्या अशा अर्थाने. मग घरघरही बारीक होत गेली आणि बॅटरी संपली. यजमान चौकाकडे पळत गेले आणि बऱ्याच वेळाने एक ई-रिक्शावाला हातापाया पडून घेऊन आले. रुग्णालयात जागा मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गेल्या.

डॉक्टर म्हणाले की तासाभराने काही फरक पडला नसता. ते असं सगळ्यांनाच सांगत असतील, आणि कदाचित खरंही असेल. भाऊजींनी मान हलवली. घरी आल्यावर त्यांना ताप भरला, तो उतरला, आणि त्यांनी गाडीच्या खोलीला कुलूप लावलं.

पुढची दोन-तीन वर्षं त्यांनी कशालाही 'महकतंय' म्हटलं नाही. आम्हाला ते दुःख वाटलं. दुसरं काय वाटणार? एकदा माझ्या हातून दूध उतू जाऊन पातेलं करपलं, सगळ्या जिन्यात धूर झाला, खालचे लोक वर बघायला आले, आणि भाऊजी शेजारच्या खोलीत शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसले होते. जेवायला बसले की ते आता पानावर वाकायचे नाहीत. मीठ मागून घ्यायचे आणि जेवायचे. मी यजमानांना म्हटलं, "माणूस किती विझून जातो." ते म्हणाले, "वेळ लागेल." वेळ लागत गेला.

मग खोलीच्या मालकाला खोली परत हवी झाली, आणि गाडीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. गंगेपलीकडच्या रामनगरला लग्नाच्या वरातींसाठी जुन्या गाड्या सजवून देणारे एक गृहस्थ होते. यजमानांनी त्यांच्याशी बोलणं केलं. ते म्हणाले, घेईन, पण चालती हवी, ओढून न्यायची नाही. हे भाऊजींना सांगायला आम्ही दोघं घाबरत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चालू करून देतो. पडून पडून बेकार होतेय नाहीतरी." नवी बॅटरी आणली, टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं आणि एका सकाळी ते किल्ली घेऊन गेले.

थोड्या वेळाने मी त्यांचा चहा घेऊन गेले. लल्लनच्या दुकानासमोर नेहमीची गर्दी, कढईत कचौड्या फुगत होत्या. खोलीच्या दाराशी पोचायच्या आतच पेट्रोलचा भपकारा आला, असा की डोळ्यांत पाणी यावं. आत भाऊजी गाडीत बसलेले, हात किल्लीवर. गाडीखालून काळपट ओघळ निघून पत्र्याच्या दिशेने चालला होता. पत्र्यापलीकडून भट्टीचा फरफर आवाज येत होता.

मी चहा खाली ठेवला आणि जितकं हळू बोलता येईल तितकं हळू म्हटलं, "भाऊजी, किल्ली फिरवू नका."

"का? पेट्रोल येतच नाहीये, शैला. चोक ओढून बघतो अजून."

"फिरवू नका. उतरून खाली बघा."

तेवढ्यात पत्र्यापलीकडे लल्लनलाही वास गेला असावा. "अरे, पेट्रोल महकत बा, भट्ठी बुझावा," असं त्याचं ओरडणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ बादलीभर पाणी निखाऱ्यांवर पडल्याचा मोठा फुत्कार. काशीत सकाळच्या वेळी कचौडीवाल्याची भट्टी विझवायला लावणं ही लहान गोष्ट नाही. गिऱ्हाइकं हातात द्रोण घेऊन रस्त्यावर पांगली. वाफ पत्र्यावरून आमच्या बाजूला आली.

भाऊजी उतरले. त्यांनी वाकून तो ओघळ पाहिला. मग मला म्हणाले, "हे पाणी आहे ना?"

"पेट्रोल आहे."

त्यांनी बोट बुडवलं, नाकापाशी नेलं. चष्मा घसरला तो वर केला, पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा नेलं. डोळे मिटले, पूर्वी मिटायचे तसे. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. लल्लनही दाराशी येऊन उभा राहिला.

"येत नाही गं," ते म्हणाले.

मग लल्लनच्या बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसले. ते बोटाकडे बघत होते. म्हणाले, "मला वाटलं, घरातच काही महकत नाही आता. ती नाही म्हणून." जरा थांबून, "तुझा स्वयंपाक मला फिक्का लागायचा. मी बोललो नाही. म्हटलं, तुमच्या सांगलीकडे तसाच करत असतील."

मला हसू आलं, आणि ते हसू पुरतं यायच्या आत त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या मनात काहीतरी जागेवर जाऊन बसताना मला समोर दिसलं. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "म्हणजे त्या दिवशीही येतच होतं."

मी बाकावर त्यांच्याकडे वळले.

"पेट्रोल येत होतं, शैला. भरून वाहत असेल, आजच्यासारखं. मला महकलं नाही म्हणून मी चोक ओढत बसलो. बुडत्याला पाणी पाजत होतो." त्यांनी पंच्याने बोट पुसलं. "चोक सोडून दिला असता, पाय पूर्ण दाबून धरला असता, तर हवा गेली असती. किल्लीच्या दोन-चार फेऱ्यांत लागली असती गाडी, चालू झाली असती."

"तुम्हाला आजार झाला होता, भाऊजी. आदल्या दिवशीपासूनच असेल. तुम्हाला कसं कळणार?"

"नाही कळणार," ते म्हणाले. "पण लागली असती."

लल्लनने न मागता मातीच्या दोन कुल्हडांत चहा आणून ठेवला. विझलेली भट्टी असताना त्याने तो कुठून आणला ते मला माहीत नाही.

त्यानंतर कित्येक दिवस भाऊजी घरातल्या आपल्या खोलीतून फारसे बाहेर आले नाहीत. यजमानांनी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले की इतक्या दिवसांनी परत येण्याची आशा थोडी. यजमान मला म्हणाले, गाडी भंगारात देऊन टाकू, दादाच्या डोळ्यांसमोरून जाऊ दे. पण एका सकाळी भाऊजी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी आले, अर्ध्या बाहीचा जुना सदरा घालून, आणि म्हणाले, "तुला दुपारपर्यंत वेळ आहे का? मला नाक हवंय."

लल्लन आणि त्याच्या गिऱ्हाइकांनी गाडी ढकलून रस्त्याच्या कडेला उघड्यावर आणली. भट्टीपासून चांगली लांब. भाऊजींनी बॅटरीची तार सुटी केली, कार्बोरेटर उतरवला आणि चटईवर घेऊन बसले. आधी इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढून दाखवले, काळे, ओलेचिंब. "हे पाहिलं असतं तरी कळलं असतं," ते म्हणाले. "डोळे होते की मला. पण मी नाकाशिवाय कुणाला विचारायचोच नाही." हे त्यांनी स्वतःवर राग न धरता, एखाद्या तिसऱ्याच हट्टी माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

कार्बोरेटरचं झाकण उघडल्यावर आत एक वाटी निघाली, आणि वाटीत पितळेचा पोकळ डबा, मुठीत मावेल एवढा. "संडासाच्या टाकीत गोळा असतो बघ, तसाच हा. पेट्रोल भरलं की तरंगत वर येतो, आणि ही सुई वर ढकलून पेट्रोलची वाट बंद करतो. तो वर आलाच नाही तर वाट बंद होत नाही. मग पेट्रोल येतच राहतं." त्यांनी सुईचं टोक भिंगाखाली बघितलं, ते बरं होतं. सुईच्या बैठकीत कचरा नव्हता. मग तो डबा कानाशी नेऊन हलवला आणि माझ्या कानाशी धरला. आत बारीकसं चुळूक चुळूक वाजत होतं.

"आत गेलंय," ते म्हणाले. "हा तरंगत नव्हता. बुडून बसला होता."

मी घरून गरम पाण्याचं पातेलं आणलं. डबा पाण्यात दाबून धरल्यावर सांध्यापाशी एक बुडबुडा आला. मग आणखी एक. ओळीने, एकाच जागेतून, मोहरीहूनही लहान. भोक डोळ्यांना दिसतच नव्हतं, नुसते बुडबुडे दिसत होते. भाऊजींनी काम झाल्यावरही डबा लगेच बाहेर काढला नाही. ते बुडबुडे बघत राहिले.

"एवढंसं," ते म्हणाले.

यजमान ऑफिसला जाताना तिथे थांबले होते. ते म्हणाले, "बघ दादा, दोष गाडीचा होता. तू काय करणार?" भाऊजींनी वर बघितलं. "गाडीचा होता," ते म्हणाले. "आणि माझाही होता. दोन्ही एका दिवशी आले." यजमानांनी खाली बसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढंच त्यांना सुचलं, आणि तेच बरोबर होतं असं मला वाटतं.

डब्यातलं पेट्रोल थेंब थेंब काढलं, डबा उकळत्या पाण्यात घालून कोरडा केला, आणि भाऊजींनी भोकावर डाख लावला. तो जरा जास्त लागला, तर कानस घेऊन तासत बसले. डबा जड झाला तर पुन्हा बुडेल. मग सगळं जुळवलं, प्लग पुसून वाळवले. माझं काम आता सुरू झालं. मला कार्बोरेटरच्या तोंडाशी वाकून उभं केलं आणि त्यांनी किल्ली फिरवली.

"काही महकतं?"

"थोडं."

"थोडं म्हणजे कुठलं? ओलं की जळकं?"

"मला नाही कळत हो, भाऊजी. पेट्रोलचं."

"अगं, ताजं पेट्रोल नाकाच्या शेंड्याला लागतं आणि जळकं घशात उतरतं. नीट घे. घाई करू नको." शेजारी लल्लन म्हणाला, त्यालाही ओलंच वाटतंय, तर त्याला त्यांनी गप्प केलं, म्हणे तुझ्या नाकात आयुष्यभराचं तेल बसलंय, तुझी साक्ष चालायची नाही. माझं नाक कच्चं आहे पण शिकण्यासारखं आहे, असा त्यांनी निर्वाळा दिला. चौथ्या की पाचव्या वेळी गाडी लागली. काळा धूर आला, मग करडा, मग काहीच दिसेना. भाऊजी माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"जळकं," मी म्हटलं. "घशात उतरतंय."

त्यांनी मान हलवली. डोळे पुसले की धूर पुसला, मी विचारलं नाही.

गाडी रामनगरला पोचवायला ते स्वतःच निघाले, आणि वाटेत काही महकलं तर सांगायला म्हणून मी शेजारी. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी पुढे पहिल्यांदाच बसले. पूल ओलांडताना त्यांनी गाडी इतकी हळू चालवली की मागे हॉर्नची पलटण उभी राहिली. शाळेच्या पोरांनी भरलेली एक ई-रिक्शा आम्हाला मागे टाकून गेली आणि पोरांनी हात हलवले. मी म्हटलं, "भाऊजी, जरा जोरात घेतली तर?" ते म्हणाले, "हिला सवय नाही." हिला म्हणजे गाडीला, असं मी धरलं.

रामनगरच्या गृहस्थांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खूश झाले. भाऊजींनी किल्ली लगेच दिली नाही. त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "सुबह स्टार्ट न हो तो पहले चोक मत खींचिएगा. पहले किसी और से पूछिए, महक आ रही है कि नहीं. अपने से तय मत कीजिए."

गृहस्थ हसले. "हमारी नाक ठीक है, चाचाजी."

"हमारी भी थी," भाऊजी म्हणाले, आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

परत आम्ही नावेने आलो. रामनगरहून खाली येणारी नाव, इंजिन लावलेली, त्यामुळे वाटेत बोलणं काही झालं नाही. आपापल्या बाजूचं पाणी बघत बसलो. आमचा घाट जवळ आला तसं नावाड्याने इंजिन बंद केलं आणि नाव नुसती वाहू लागली. त्या शांततेत भाऊजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझी वहिनी गाडीत बसली की गोदौलियाचा चौक यायच्या आत डोळे मिटायची. तिला भीती वाटायची माझ्या चालवण्याची. बोलली कधी नाही. मग मी हळू चालवायचो."

मला क्षणभर कळेना की सांगावं की नाही. मग म्हटलं, "भीती नव्हती, भाऊजी. झोपायच्या त्या."

"कोण म्हणालं?"

"वहिनीच. म्हणायच्या, घरात पाठ टेकली की कोणी ना कोणी हाक मारतं. गाडीत हे काही बोलत नाहीत, छान झोप लागते. आपण सगळे सारनाथला गेलो होतो ना, तेव्हा उतरताना मला म्हणाल्या, अजून थोडं लांब असतं तर बरं झालं असतं."

भाऊजी पाण्याकडे बघत राहिले. कुणीतरी सोडलेली झेंडूची माळ नावेला लागून मागे गेली.

"झोपायची," ते म्हणाले. बऱ्याच वेळाने पुन्हा म्हणाले, "मग हळू चालवली ते बरंच झालं."

नाव मुन्शी घाटाला लागली. नावाड्याने दोर टाकला आणि हात पुढे केला. भाऊजी उठले नाहीत, आणि मीही त्यांना घाई केली नाही. नावाडी शहाणा होता. तो पायरीवर बसून विडी काढू लागला.